जुने शिवणयंत्र आणि पिशवीचा प्रश्न

जुन्या शिवणयंत्राची सर्वमान्य व्याख्या अद्याप झालेली नाही. तथापि ज्या मंडळींत या विषयाची गंभीर चर्चा चालते, तेथे काही लक्षणे पुरेशी मानली जातात. यंत्राचे अंग बिडाचे असावे, त्यावर काळे चकचकीत रोगण आणि सोनेरी वेलबुट्टी असावी, शिवणाऱ्या व्यक्तीचा हात जिथे वर्षानुवर्षे टेकला तिथे ती वेलबुट्टी पुसट झालेली असावी, आणि यंत्र एकट्याने उचलणाऱ्याने दुसऱ्या दिवशी कंबर धरून चालावे. मोटार असली तरी चालते, मात्र ती मागाहून जोडलेली असणे इष्ट. प्लॅस्टिकचा मूळ भाग आढळल्यास यंत्र ‘जुने’ या पदवीस अपात्र ठरते आणि केवळ ‘वापरलेले’ उरते. या यंत्राला सरळ टिपेखेरीज दुसरी कोणतीही टीप घालता येत नाही, ही अज्ञ जनांस उणीव वाटते. जाणकारांच्या मते मात्र ज्याला एकच गोष्ट येते तो ती बिघडवण्याची शक्यता कमी असते, आणि हा नियम यंत्रांपुरता मर्यादित ठेवण्याचे त्यांना कारण दिसत नाही.

अशा यंत्राचे भक्त गेल्या काही वर्षांत वाढले आहेत. त्यांत निवृत्त अभियंते आहेत, संगणकावर दिवसभर अदृश्य गोष्टी घडवून संध्याकाळी काहीतरी हाताला लागावे म्हणून तळमळणारे तरुण आहेत, आणि सह्याद्रीत भटकणारे असे गिर्यारोहक आहेत की ज्यांना बाजारातली पाठपिशवी कधीच मनासारखी मिळालेली नाही. घरच्या घरी पाठपिशव्या, पावसाळी आवरणे, तंबूचे छत, हत्यारांच्या गुंडाळ्या आणि पैशांची पाकिटे शिवणे हा या मंडळींचा घोषित उद्देश असतो. अघोषित उद्देश बारकाईने पाहिल्यासच दिसतो: यंत्र चालवण्यास काहीतरी निमित्त हवे असते, आणि ते निमित्त पुरवण्याचे काम पाठपिशवीकडे येते. पिशवीची गरज संपल्यावरही पिशव्या तयार होत राहतात, यावरून साध्य कोणते आणि साधन कोणते याचा निर्णय वाचकांनीच करावा.

यंत्र मिळण्याचे मार्ग दोन. पहिला जुन्या बाजाराचा: मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी समया, बंद पडलेली घड्याळे आणि जोडीतले एकटेच उरलेले बूट यांच्यामध्ये ते बसलेले असते, आणि विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतली चमक ओळखल्याबरोबर ते ‘इंग्रजांच्या वेळचे’ होते. दुसरा मार्ग वारशाचा, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठी घरात शिवणयंत्र कधी टाकून दिले जात नाही, पण शिवणकाम थांबल्यावर ते यंत्र म्हणूनही राहत नाही. त्यावर क्रोशाचा रुमाल पडतो, रुमालावर दूरदर्शनसंच किंवा फुलदाणी बसते, खणात शिवणाच्या सामानाऐवजी वीजबिले, रबरबँड, जुन्या चष्म्यांच्या काड्या आणि कोणत्याही कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या साठतात, आणि पायाच्या जाळीवर लहान मुले बसून काल्पनिक एसटी चालवतात. अशा अवस्थेत वीस-पंचवीस वर्षे काढलेले यंत्र एके दिवशी घरातला पुरुष ‘शोधून काढतो’. ज्या खोलीत तो रोज जेवतो त्याच खोलीत ते उभे असल्याने या शोधाचे श्रेय नक्की किती द्यावे, हा प्रश्न घरातल्या स्त्रिया सहसा सौजन्यापोटी विचारत नाहीत.

येथे एका सामाजिक अन्यायाची नोंद करणे भाग आहे. ज्या आजीने याच यंत्रावर झबली, टोपडी, कुंच्या, परकर, उशांचे अभ्रे आणि शाळेच्या गणवेशाच्या उसवलेल्या शिवणी चार दशके शिवल्या, तिच्या कामास कोणी हस्तकला म्हटले नाही. दर पंधरवड्याला तिने छिद्राछिद्रांत तेल सोडले, त्यास कोणी जतन-संवर्धन म्हटले नाही. नातवाने मात्र तेच तेल त्याच छिद्रांत सोडले की यंत्राचा जीर्णोद्धार होतो, आधीची आणि नंतरची अशी छायाचित्रे निघतात आणि पाहुण्यांना ती दाखवली जातात. आजी हयात असल्यास ती या सोहळ्याकडे शांतपणे पाहते आणि शेवटी एवढेच विचारते की सुई उलटी का बसवली आहे.

सुई उलटी बसणे ही क्षुल्लक बाब नव्हे, आणि ती समजण्यासाठी यंत्राच्या पोटात शिरावे लागते. शिवणयंत्राची टीप एका दोऱ्याची नसून दोन दोऱ्यांची असते: एक वरच्या रिळातून सुईच्या नाकात येतो, दुसरा खाली बॉबिन नावाच्या छोट्या फिरकीवर गुंडाळलेला असतो. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर येऊ लागली की तिच्या मागे दोऱ्याचा लहानसा फास उमलतो. त्याच क्षणी शटलचे टोक, म्हणजे बॉबिनभोवती हलणारी आकडी, तो फास पकडते आणि बॉबिनला त्यातून पार करते. दोन दोरे एकमेकांत अडकतात आणि वरचा दोरा गाठ ओढून कापडाच्या जाडीच्या मध्यभागी नेतो. सुईची एक बाजू चपटी असते ती याचसाठी की फास नेमक्या बाजूला उमलावा. ती फिरवून बसवली तर यंत्र अत्यंत उत्साहाने चालते, सुई वरखाली होते, दाते कापड पुढे सरकवतात, आणि संपूर्ण कापडावर एकही टाका पडत नाही. कष्टांचा व फळाचा इतका पूर्ण घटस्फोट इतरत्र फक्त काही सरकारी समित्यांत पाहावयास मिळतो.

सुईचे नाक टोकाशी असावे ही या शोधातली कळीची कल्पना. हातसुईचे नाक मागे असते, आणि मानवजातीने हजारो वर्षे ते तिथेच असणार असे गृहीत धरले होते. वॉल्टर हंट या अमेरिकन गृहस्थाला १८३०च्या दशकात टोकाशी नाक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांची टीप सुचली, पण त्याने वेळेत एकस्व, म्हणजे शोधावरील कायदेशीर हक्क, घेतलेच नाही; पुढे १८४९मध्ये त्याने सेफ्टी पिनचे एकस्व मात्र घेतले आणि तेही थोडक्या रकमेस विकून टाकले, म्हणजे शिवण घालण्याचा आणि शिवण न घालता वेळ मारून नेण्याचा असे दोन्ही उपाय शोधून एकाच माणसाने दोन्हींतला नफा गमावला. १८४६मध्ये दोन दोऱ्यांच्या टिपेचे एकस्व इलायस हाऊने मिळवले. त्याच्या घराण्यात अशी कथा सांगत की स्वप्नात त्याला भालेकऱ्यांनी घेरले आणि त्या भाल्यांच्या पात्यांना टोकाशी भोके होती. कथा खरी असो वा नसो, जुन्या यंत्रांच्या भक्तांना ती प्रिय आहे, कारण त्यांनाही रात्री सुयाच दिसतात.

याआधी फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३०मध्ये एकस्व घेऊन पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवणारी सुमारे ऐंशी यंत्रे बसवली होती, आणि पोटावर पाय येणार या भीतीने शिंप्यांच्या जमावाने १८३१मध्ये ती फोडून टाकली. या घटनेला एक उलट बाजू आहे, जी इतिहासकारांनी लक्षात घेतलेली नाही: आज गल्लीतल्या शिंप्याला कोणी पाहुणा येऊन ‘माझ्याकडे घरी जुने मशीन आहे, मी स्वतः शिवतो’ असे सांगतो, तेव्हा त्या शिंप्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश दिसत नाही. उलट तो गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देतो. काय उसवून आणि काय वाकडे कापून हा माणूस महिन्याभरात परत येणार, हे त्याला ठाऊक असते.

आयझॅक मेरिट सिंगर याचे नाव या विषयात देवघरात ठेवावे असे मानले जाते, म्हणून त्याच्या चरित्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तो मूळचा नट. स्वतःची नाटकमंडळी घेऊन हिंडणारा. १८५१मध्ये त्याने आपल्या यंत्राचे एकस्व घेतले. सुई उभी ठेवणे, कापड दाबून धरणारा पाय बसवणे आणि यंत्र पायाने चालवणे या सुधारणांमुळे ते व्यवहारात वापरण्याजोगे झाले. मग हाऊने त्याच्यावर दावा लावला, इतर कारखानदार एकमेकांवर दावे लावू लागले, आणि १८५६मध्ये सर्वांनी थकून आपापली एकस्वे एकत्र केली. त्याच साली सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने यंत्र हप्त्याने विकण्याची पद्धत सुरू केली, आणि आज घराघरांत शीतकपाटापासून भ्रमणध्वनीपर्यंत जे जे हप्त्यावर उभे आहे त्या परंपरेतले एक मोठे पाऊल शिवणयंत्राने टाकले.

महात्मा गांधींचा यंत्रांवरचा आक्षेप सर्वश्रुत आहे, पण १९२४मध्ये एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. हे यंत्र प्रेमातून जन्मले, पत्नीला हाताने शिवण घालताना होणारे कष्ट सिंगरला पाहवले नाहीत म्हणून त्याने ते घडवले, असे त्यांच्या बोलण्याचे तात्पर्य होते. महात्म्याच्या तोंडी असत्य येणे शक्य नाही, म्हणून या विधानातला फक्त एकवचनाचा प्रश्न तपासावा लागतो. सिंगरने एकाच काळात एकाहून अधिक संसार चालवले, त्याच्या अपत्यांची संख्या विसाच्या पलीकडे गेली, आणि प्रकरण उघडकीस आल्यावर त्याला अमेरिका सोडून युरोप गाठावे लागले. तेव्हा पत्नीचे कष्ट पाहून यंत्र शोधले असेल तर तितक्या सर्वांना पुरेल असे एकच यंत्र शोधणे हा काटकसरीचा मार्ग होता असे म्हणता येईल. तरीही गांधीजींचा निवाडा चुकीचा ठरत नाही, कारण यंत्र चांगले निघण्यासाठी यंत्रकर्ता चांगला निघावा अशी अट कुठेही नाही.

हिंदुस्थानात हे यंत्र खपवणे सोपे नव्हते. साडी, धोतर, उपरणे, पागोटे ही सारी वस्त्रे न शिवता नेसण्याची किंवा गुंडाळण्याची. ज्या देशात पूजेला बसताना शिवलेले वस्त्र उतरवून ठेवण्याची रीत होती, तिथे शिवणयंत्र विकणे हे धाडसच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सिंगरचे प्रतिनिधी म्हणून हे धाडस केले, आणि पुढच्या काळात सदरा, कोट, पोलके, झंपर आणि गणवेश यांनी त्यांना साथ दिली. १९३०च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने देशी यंत्रे घडवण्यास आरंभ केला आणि ‘उषा’ हे नाव घरोघरी पोचले. आजही मराठी घरांत दोन पक्ष आढळतात: ज्यांच्या आईला रुखवतात सिंगर मिळाले ते, आणि ज्यांच्या आईला उषा मिळाले ते. दोन्ही यंत्रांचे बॉबिन बहुधा एकमेकांना चालतात, पण दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांना चालतातच असे नाही.

सिंगरपक्षाचे अधिक शिक्षित सभासद आपल्या यंत्राची पत्रिका मांडतात. यंत्राच्या तळपट्टीवर कोरलेल्या अनुक्रमांकातील अक्षरे व आकडे घेऊन ते सूचीत शोधायचे, आणि त्यावरून कारखाना व साल ठरवायचे, अशी ही विद्या आहे. ‘१५के’ यासारख्या नावातले ‘के’ हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्याचे. १८८०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या अवाढव्य कारखान्यावर प्रचंड घड्याळाचा मनोरा होता, १९११मध्ये तिथे हजारो कामगारांनी गाजलेला संप केला, आणि १९८०मध्ये तो बंद पडला. तिथल्या रेल्वेस्थानकाचे नाव मात्र अजूनही ‘सिंगर’च आहे. सालाचा शोध लागल्यावर त्या साली जगात काय काय चालले होते याची यादी होते, आणि घरच्यांना जेवताना ऐकवली जाते. यंत्र १९३८चे निघाले तर आनंद होतो, १९०८चे निघाले तर पेढे वाटले जातात, आणि १९६१चे निघाले तर सूची चुकीची असल्याचा निष्कर्ष काढला जातो.

अनुक्रमांकावरील हे प्रेम निरुपद्रवी आहे. याहून मोठी वेडे जगाने पाहिली आहेत. २००९च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियात अशी अफवा उठली की जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचे अत्यंत मौल्यवान द्रव्य असते, आणि ते आहे की नाही हे ओळखण्याची कसोटी म्हणजे भ्रमणध्वनी सुईजवळ धरायचा व संपर्क तुटतो का ते पाहायचे. काही शे रियालचे यंत्र दोन लाख रियालपर्यंत मागितले जाऊ लागले, शिंप्यांच्या दुकानांत चोऱ्या झाल्या, आणि पोलिसांना ही लबाडी असल्याचे जाहीर करावे लागले. भ्रमणध्वनीचा संपर्क ज्या वस्तूजवळ तुटतो ती मौल्यवान असते, हा निकष सह्याद्रीत लावला असता तर हरिश्चंद्रगड एव्हाना कोणीतरी उचलून नेला असता.

यंत्र घरी आल्यावर किंवा घरात सापडल्यावर पहिला काळ त्याला हलते करण्यात जातो. बहुतेक जुनी यंत्रे मोडलेली नसतात, जाम झालेली असतात. वर्षानुवर्षे सोडलेले तेल वाळून रोगणासारखे घट्ट झालेले असते आणि त्याने प्रत्येक सांधा धरून ठेवलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे सांध्यांत रॉकेल किंवा तत्सम पातळ द्रव सोडणे, थांबणे, चाक अलगद हलवणे, पुन्हा सोडणे आणि पुन्हा थांबणे. या ‘थांबणे’ नावाच्या टप्प्यावर भक्तांची परीक्षा होते, कारण हातात पाना असलेल्या माणसाला थांबवणे अवघड असते. यंत्राच्या कडेचा प्रत्येक स्क्रू कशासाठी तरी असतो, आणि तो ‘नुसता बघायला म्हणून’ सोडवल्यावर नेमके किती फेरे फिरवला होता हे कोणालाही आठवत नाही. तेलाविषयी तर पंथभेद आहेत. सर्वसाधारण मत असे की शिवणयंत्राचे तेल घालावे आणि स्वयंपाकघरातले घालू नये. एवढ्याही मताला विरोध करणारे आढळतात, आणि त्यांची यंत्रे पुढल्या पिढीच्या भक्तांसाठी पुन्हा घट्ट होऊन तयार राहतात.

मग पाय मारण्याची विद्या शिकावी लागते. पायाची जाळी टाच आणि चवडा यांनी आळीपाळीने दाबून चाक स्वतःकडे फिरते ठेवायचे असते. पहिला ढकल उलटा बसला तर चाक उलटे फिरते, दोरा शटलमध्ये गुंततो आणि तुटतो. ज्या पुरुषांनी तीस-तीस वर्षे घाटरस्त्यात मोटारी चालवल्या, त्यांना सपाट फरशीवर बसून एक चाक योग्य दिशेने फिरवता येत नाही, हे दृश्य घरातल्या मंडळींना मनोरंजनाच्या कोणत्याही वाहिनीपेक्षा सरस वाटते. त्यानंतर दोऱ्याच्या ताणाचा अध्याय. कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याची झुंबरे दिसू लागली की नवशिका खालच्या बॉबिनवर रागावतो, तिच्या डबीचा बारीक स्क्रू पिळतो, आणि झुंबरे वाढतात. कारण खाली दिसणारा घोटाळा बहुधा वरच्या दोऱ्याचा ताण सैल असल्याने किंवा तो दोरा ताणाच्या चकत्यांत नीट न बसल्याने होतो. वरच्यांच्या ढिलाईचा दोष खालच्यांच्या माथी मारण्याची ही पद्धत कार्यालयांत रुळलेली असल्याने नोकरदार भक्तांना ती सोडणे विशेष जड जाते.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष शिवणकामास आरंभ होतो, आणि सर्वप्रथम यंत्राच्या ताकदीचे प्रयोग केले जातात. जीन्सच्या पँटचे किती पदर यंत्र शिवू शकते, यावर मंडळींत चुरस असते: चार पदर सर्वजण मान्य करतात, सहा पदरांना टाळ्या मिळतात, आठ पदरांनंतर सुई मोडते आणि तिचे टोक कुठे उडाले याचा शोध लहान मुलांना दूर ठेवून घेतला जातो. जाड कापडाला जाड सुई लागते, सोळा किंवा अठरा नंबरची, आणि दोराही नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घ्यावा लागतो, हे ज्ञान सहसा सुयांचे एक पाकीट संपल्यावर प्राप्त होते. जुन्या यंत्रांची ही ताकद मात्र दंतकथा नाही. आतले भाग पोलादाचे व बिडाचे असल्याने आणि चाकाला स्वतःचे वजन असल्याने, ज्या कॅनव्हासपुढे नवी हलकी यंत्रे कण्हतात तो कॅनव्हास हे यंत्र संथपणे पार करते; चाक हाताने फिरवून एकेक टाका घालण्याचीही त्यात सोय असते.

पाठपिशवी स्वतः शिवण्याच्या चळवळीचे आद्य पुरुष म्हणून अमेरिकेतील रे जार्डिन यांचे नाव घेतले जाते. लांब पल्ल्याच्या पायवाटा तुडवताना पाठीवरचे ओझे निम्म्याहून कमी करता येते आणि त्यासाठी लागणारी हलकी पिशवी व छत माणसाने स्वतःच शिवावे, असा त्यांचा उपदेश. सह्याद्रीत हा उपदेश पोचला तेव्हा त्यात एक विसंगती शिरली: अडीचशे ग्रॅम वजन वाचवणारी पिशवी ज्या यंत्रावर शिवायची ते यंत्र स्टँडसह तीन माणसांनाही उचलवत नाही. शिवाय अमेरिकेतील भक्तांना हवे ते हलके नायलॉन कापड विकत मिळते. इकडे छत्रीचे कापड, जुना पॅराशूटचा म्हणून विकला जाणारा कसलाही तागा, भंगारातल्या मोटारींचे आसनपट्टे आणि, सर्वांत विपुल असा कच्चा माल म्हणजे, फ्लेक्सचे फलक.

फ्लेक्स फलकाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात हे पीक बारमाही आहे. वाढदिवस, अभिनंदन, दहीहंडी, नियुक्ती आणि पुनर्नियुक्ती अशा प्रसंगी चौकाचौकांत उगवणारा हा पदार्थ म्हणजे जाळीदार विणीवर दिलेला प्लॅस्टिकचा थर. तो जलरोधक असतो, फुकट मिळतो आणि चिवट असतो. त्याची शिवण मात्र त्रासदायक, कारण यंत्राचा दाबणारा पाय त्याला चिकटतो व कापड पुढे सरकत नाही. त्यावर पायाखाली पातळ कागद ठेवून शिवावे आणि मागाहून तो फाडून टाकावा, हा उपाय अनुभवी मंडळी सांगतात. दुसरी अडचण सौंदर्याची आहे. फलकावरच्या नेत्याचे हसू पिशवीच्या नेमक्या कुठल्या भागावर येणार हे कापताना ठरवावे लागते, आणि कितीही हिशेब केला तरी तयार पिशवीच्या तळाशी कोणाचा तरी हात जोडलेला, झाकणावर कोणाचा तरी एकच डोळा आणि खांद्याच्या पट्ट्यावर ‘भावी’ एवढीच दोन अक्षरे उरतात. अशी पिशवी पाठीला लावून गड चढणाऱ्याच्या मागून जाणाऱ्याला लोकप्रतिनिधीचे सतत दर्शन घडते. पाच वर्षांत एकदा होणाऱ्या दर्शनापेक्षा हे प्रमाण निश्चितच चांगले आहे.

पावसाळी आवरणाची कथा वेगळी. कापड जलरोधक असले तरी सुई प्रत्येक टाक्याला एक भोक पाडते, आणि एका मध्यम आकाराच्या आवरणात अशी हजारो भोके होतात. शिवण चिकटपट्टीने किंवा चिकट लेपाने बंद केली नाही तर पाणी बरोबर शिवणीच्या ओळीने आत येते. ही गोष्ट पुस्तकी स्वरूपात सर्वांना ठाऊक असते आणि जुलैतल्या राजमाचीच्या वाटेवर प्रत्येकाला नव्याने कळते. बाहेरून वाऱ्याने फडफडणारे आवरण पाहून सोबती कौतुक करतात, आणि आतले पोहे भिजून न्याहारीस तयार होतात.

खर्चाचा विषय काढणे शिष्टाचारास धरून नाही, तरी शास्त्रीय लेखनात तो टाळता येत नाही. स्वतः शिवल्याने पैसे वाचतात, हे विधान कापडाच्या किमतीपुरते खरे असते. त्यात नवा चामडी पट्टा, सुयांची पाकिटे, बॉबिनचा डबा, तीन रंगांची रिळे, ‘कधीतरी लागेल’ म्हणून आणलेल्या चेन आणि बकला, तसेच पहिल्या यंत्राचे सुटे भाग मिळावेत म्हणून घेतलेले दुसरे यंत्र मिळवले की बाजारातल्या तयार पिशवीची किंमत फार मागे पडते. दुसऱ्या यंत्राचे सुटे भाग मात्र कधी काढले जात नाहीत, कारण तेही चांगले असल्याचे आढळते आणि मग तिसरे आणावे लागते. अमेरिकेत जेमतेम पाच किलो वजनाच्या, १९३३पासून बनू लागलेल्या ‘फेदरवेट’ या सिंगर यंत्रावर गोधड्या शिवणाऱ्यांचा मोठा लोभ आहे, त्यामागे यंत्राचा हलकेपणा असावा. घरात एकाहून अधिक यंत्रे लपवून आणायची असतील तर हा गुण मोलाचा ठरतो.

तयार वस्तूंचे पुढे काय होते, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात २०१८मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आणि कापडी पिशव्या वाटण्यास राष्ट्रकार्याचे रूप लाभले. भक्ताच्या नातेवाइकांना त्यानंतर प्रत्येक सणाला पिशवी मिळू लागली. वहिनी ती ‘किती छान’ म्हणून घेतात, काका तिचे बंद ओढून पाहतात, आणि मेहुणे ती भाजीला नेतात व एका मोठ्या भोपळ्यानंतर तिचा तळ घेऊन परत येतात. पिशव्यांचा निचरा होत नाही म्हणून पिशव्या ठेवण्याची मोठी पिशवी शिवली जाते.

शेवटी असा दिवस येतो की यंत्र टाके सोडू लागते, म्हणजे काही टाके घालते आणि काही वगळते, आणि कोणत्याही स्क्रूला दाद देत नाही. तेव्हा शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावले जाते. हा गृहस्थ दिवसभर कारखान्यांतल्या जपानी जुकी यंत्रांत काम करतो, त्याला जुन्या यंत्राविषयी कसलाही हळवेपणा नसतो, आणि सोनेरी वेलबुट्टी, किलबोवी व अनुक्रमांक यांची माहिती तो चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकतो. मग तो सुईचा दांडा केसभर खाली घेतो, आकडीशी त्याचा मेळ पाहतो, एक स्क्रू आवळतो, आणि चिंधीवर एक सरळ, समान, निर्दोष टीप घालून दाखवतो. जाता जाता त्याची नजर खुंटीवरच्या पाठपिशवीवर पडते. तो पट्ट्याचा जोड ओढून पाहतो, काही न बोलता पुन्हा यंत्रावर बसतो, आणि जोडावर चौकोन व चौकोनात फुली अशी, ओझे सहन करणारी शिवण मिनिटभरात घालून देतो. दुरुस्तीचे पैसे तो रोख मोजून घेतो. या शिवणीचे मात्र तो काही घेत नाही, आणि विचारले तर सांगतो की यात काम असे काही नव्हतेच.